सेक्रेटरीबाईंचं आजारपण

एकतीस वर्षांच्या नोकरीत मी आजारपणाची रजा एकदाच काढली, आणि एका दिवसासाठी काढलेली ती रजा मला जेवढी बाधली तेवढं पुढे कुठलंही दुखणं बाधलं नाही.

आजारी पडण्याचा मला सराव नव्हता, हे आधीच सांगून टाकते. भूमापन खात्याच्या नकाशा विभागात आम्ही अकराजण कलत्या टेबलांवर ओणवे होऊन दिवसभर जुन्या नकाशांवरून नवे नकाशे गिरवत असू. जुन्या नकाशावर पारदर्शक कापड ताणून बसवायचं, रेघपेनात शाई भरायची आणि श्वास रोखून नदी काढायची. नदीच्या मध्यावर शिंक आली की नदीला एक फाटा फुटायचा, आणि सरकारी कागदपत्रांत तो फाटा कायमचा वाहत राहायचा. त्यामुळे सर्दी झालेला माणूस घरी बसलेलाच खात्याला परवडे. बाकीचे याचा पुरेपूर फायदा घेत. मला मात्र सर्दीसुद्धा रविवारी व्हायची आणि सोमवारी सकाळी बरी व्हायची. अशी माझी प्रकृती. तिचा मला तेव्हा अभिमान होता.

अशात भिंगरीचं पत्र आलं.

भिंगरी, मास्तरीण आणि मी बुटकी, अशा शाळेत आम्ही तिघी एका बाकावर होतो. भिंगरी एका जागी दोन मिनिटं बसत नसे म्हणून भिंगरी. मास्तरीण पुढे खरोखरच शाळेत शिकवायला लागली, पण हे नाव तिला पाचवीतच पडलं होतं, कारण बाई वर्गात नसल्या की ती बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची, आणि त्यात आमची दोघींची पहिली असत. मी बुटकी का, ते सांगायला नको. मास्तरीण आमच्याच गावात होती. भिंगरी लग्नानंतर लांब गेली. पत्र लिहिणं हा काही तिचा प्रांत नव्हे. सात वर्षांत तिची तीन पत्रं आली होती, आणि त्यातलंही एक तिनं तिच्या शिंपिणीला लिहिलेलं होतं, ते चुकून माझ्या पाकिटात पडलं होतं.

हे चौथं पत्र मात्र माझंच होतं. ‘ह्यांना परदेशात नोकरी लागली. ते पुढे गेलेत, आता मी निघाल्ये. कायमचंच म्हण. बुधवारी सकाळी तुमच्या गावात उतरते, दुपारी तीन दहाची पुढची गाडी आहे. अकरा वाजता स्टेशनसमोरच्या हॉटेलात, वरच्या मजल्यावर. मास्तरणीलाही कळवलंय. बुटके, आली नाहीस तर याद राख. परत कधी दिसशील कुणास ठाऊक.’

शेवटच्या ओळीवर शाई फुटली होती. माझ्या व्यवसायामुळे फुटलेली शाई मला लगेच दिसते.

मी मोठ्या बाईंकडे गेले. मोठ्या बाई म्हणजे आमच्या विभागप्रमुख. त्या उंचीनं माझ्याएवढ्याच होत्या, पण खुर्चीत बसल्या की मोठ्या व्हायच्या.

“किरकोळ रजा?” त्यांनी विचारलं.

“संपली. सासूबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनला काढली होती.”

“हक्काची?”

“तिला महिनाभर आधी अर्ज लागतो.”

“आजारपणाची?”

“बाराच्या बारा दिवस शिल्लक आहे.”

“मग?”

“पण मी आजारी नाही.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि म्हणाल्या, “आता त्याला खातं काय करणार?”

यावर आमच्या घरी दोन दिवस खल झाला. आमचे हे बँकेत होते. ह्यांना खोटं बोलता येत नाही. हा सद्गुण आहे असं लोक समजतात. संसारात ती निव्वळ गैरसोय असते. “अगं, सरळ सांगून टाक ना मैत्रीण येत्येय म्हणून,” हे म्हणाले. “सांगितलं,” मी म्हटलं. “मग?” “मैत्रीण हे रजेचं कारण होत नाही. मेल्यावर होतं, पण त्यातसुद्धा नातं दाखवावं लागतं.”

सासूबाई तांदूळ निवडत ऐकत होत्या. “खोटं बोलूच नये माणसानं,” त्या म्हणाल्या. मग सूप खाली ठेवून, “पण बोलायचंच असेल तर सगळ्यांनी मिळून एकच रोग धरा. आमच्या थोरल्या जावेनं एकदा डाव्या पायाचं सोंग केलं नि लंगडली उजव्यानं.”

रोग निवडणं हे वाटतं तेवढं सोपं नाही. ताप म्हणावा तर तो मोजता येतो. खोकला म्हणावा तर तो ऐकू यावा लागतो. पोट म्हटलं की लोक बारीकसारीक चौकशा करतात. शेवटी चक्कर ठरली. चक्कर बाहेरून दिसत नाही, ज्याला येते त्यालाच ती ठाऊक.

“बायका बोटं मोजायला लागतील,” सासूबाई म्हणाल्या.

“मोजू देत,” मी म्हटलं. भिंगरीपुढे मला कशाचंच काही वाटत नव्हतं.

आता इथे मला समितीबद्दल सांगणं भाग आहे. मनातून सांगू नये असं वाटतं, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या विभागातले एक सहकारी नऊ दिवस एकटे तापानं खोलीत पडून होते आणि ऑफिसातून कुणीही फिरकलं नाही. माझं मन हेलावलं. मन हेलावलं की मी भाषण करते, ही माझी जुनी खोड. मी स्टुलावर उभी राहून माणुसकीवर बोलले आणि त्याच भरात ‘विचारपूस समिती’ स्थापन झाली. नियम मीच लिहिले, सुवाच्य अक्षरात, मथळ्याला दुहेरी रेघ मारून. कलम दोन : कर्मचारी आजारी असल्याचं कळताच त्याच दिवशी समितीनं घरी जावं. कलम तीन : घरच्यांची धावपळ नको म्हणून आधी कळवू नये. कलम चार : भेटीचा वेळ कामाचा धरला जाईल. हे चौथं कलम नसतं तर कुणी सहीच केली नसती. कलम पाच : भेटीची नोंद रुग्णाच्या उशाशी बसून वहीत करावी. मला सेक्रेटरी केलं, आणि तेव्हापासून ऑफिसात माझं नावच सेक्रेटरीबाई पडलं.

तुम्ही म्हणाल, मग हे तुमच्या आधीच लक्षात कसं आलं नाही? याचं उत्तर मी एक्केचाळीस वर्षं शोधत्येय. त्याचं असं, की दोन वर्षांत कुणीही आजारी पडलं की जायचे मीच. कधी कुणाला बरोबर घेतलं, कधी एकटीच. समिती म्हणजे मी, अशी माझी पक्की समजूत झाली होती. आणि मीच घरी पडल्ये म्हटल्यावर समिती येणार कुठून?

बुधवारी सकाळी अर्ज घेऊन हे गेले. ‘अचानक चक्कर आल्यामुळे’ असं मी लिहून दिलं होतं. ह्यांनी नुसता कागद द्यायचा, तोंड उघडायचं नाही, असं तीनतीनदा बजावलं होतं. पुढे कळलं ते असं, की कुणीतरी आपुलकीनं “काय झालं हो?” विचारलं. ह्यांचे कान लाल झाले. चक्कर हा शब्द साफ विसरले आणि स्वतःच्या कंबरेवर हात ठेवून म्हणाले, “उसण. उठतासुद्धा येत नाही.” मग कागदावर चक्कर असल्याचं आठवून म्हणाले, “उठली की चक्कर येते.” एवढं बोलून हे तिथून जवळजवळ पळाले. पाहणाऱ्यांची समजूत झाली की बिचाऱ्यांना बायकोच्या काळजीनं बोलवत नाहीये.

इकडे मी साडेदहाला तयार. कपाटातले ठेवणीतले कपडे, भिंगरीनं लग्नात दिलेलं घड्याळ, पर्स. दाराची कडी काढली तर समोर कंपाउंडर.

हे आमचे शेजारी. एका डॉक्टरच्या दवाखान्यात तीस वर्षं औषधं घोटून निवृत्त झाले होते. डॉक्टर वारले तेव्हा सगळी विद्या आपल्याकडे आली असं ते मानत. सकाळी जिन्यात सासूबाईंना भेटले, आणि “सूनबाई ऑफिसला नाही गेल्या आज?” असं त्यांनी विचारलं. एकच रोग धरा असं सांगणाऱ्या आमच्या सासूबाई, त्या म्हणाल्या, “ताप आहे हो तिला.” का म्हणाल्या? नंतर मी विचारलं. “पुरुषमाणसाला चक्कर कशी सांगायची?” त्या म्हणाल्या.

“सूनबाई! तापात कुठे निघालात?”

“मी... औषध आणायला.”

“औषध आणायला? मी मेलोय का?” त्यांनी माझी नाडी धरली आणि डोळे मिटले. एकतर मी घाईत होते, त्यात खोटं पकडलं जाणार म्हणून छाती धडधडत होती. कंपाउंडरनी डोळे उघडले ते मोठे करूनच. “एकशे आठ! आडव्या व्हा. आधी आडव्या व्हा.”

“अहो पण काका...”

“तरतरी वाटत्येय ना? हेच वाईट. या तापात सुरुवातीला तरतरीच येते.”

माणसानं आपण बरे आहोत हे सिद्ध कसं करायचं? मी जितकी ठामपणे बोलले तितके ते अधिक गंभीर होत गेले. पावणेअकराला मी ठेवणीतल्या कपड्यांवर गळ्यापर्यंत चादर ओढून पडले होते. कपाळावर बाम, पायांना मोजे. कंपाउंडर दाराजवळच्या खुर्चीत बसले. “मी आहे इथे,” ते म्हणाले. दहाएक मिनिटांत जातील असा माझा हिशेब होता. त्यांनी खिशातून शब्दकोडं काढलं.

अकरा वाजले. मला ते हॉटेल डोळ्यांपुढे दिसायला लागलं. वरचा मजला, खिडकीजवळचं टेबल, भिंगरी एका खुर्चीतून दुसरीत बसत्येय, मास्तरीण घड्याळ बघत्येय. “काका, तुमचं जेवण...” मी म्हटलं. “माझी काळजी करू नका, सूनबाई. चार अक्षरी, ‘धीर धरणारा’?” ते म्हणाले. मला एकच शब्द सुचत होता आणि तो लिहिण्यासारखा नव्हता.

साडेअकराला बेल वाजली. सासूबाईंनी दार उघडलं आणि घरात पावलं शिरू लागली. मी मोजत होते. दोन, चार, सहा. पावलं थांबेनात. चपला काढल्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग मला आमच्या विभागाच्या हेडक्लार्कचा घसा खाकरल्याचा आवाज आला.

समिती आली होती.

एरवी फार तर दोघं जायचे. आले सात. हेडक्लार्कनी उशाशी उभं राहून वही उघडली आणि खुलासा केला. “सेक्रेटरीबाई, कलम दोनमध्ये ‘समितीनं जावं’ असं आहे. किती जणांनी, ते तुम्ही लिहिलेलं नाही. सकाळी चर्चा झाली. बाकीच्यांसाठी दोघं ठीक आहेत, पण तुमच्यासाठी दोघं म्हणजे अपमान झाला असता. शिवाय कलम चार आहेच.”

कलम चार! सातही चेहऱ्यांवर कलम चार लख्ख दिसत होतं. बुधवारची भर सकाळ, कामाची वेळ, आणि सात सरकारी माणसं रीतसर कामावर असताना माझ्या घरात उभी होती. त्यांच्या अंगावर नुकतीच शाळा सुटल्याची कळा होती.

“कंबर कशी आहे?” एकानं विचारलं.

“कंबर?” कंपाउंडर म्हणाले. “ताप आहे त्यांना.”

“अर्जात चक्कर आहे,” हेडक्लार्कनी कागद पाहिला.

सगळे माझ्याकडे बघू लागले. कुणालाही खोटं पाडणं शक्य नव्हतं. मी डोळे मिटून म्हटलं, “तिन्ही.”

“अरे देवा!” असं सातजण एका सुरात म्हणाले, आणि हेडक्लार्कनी ते लिहून घेतलं. आमच्या विभागातल्या एका बाईंनी मात्र चादरीकडे बघत माझ्या कानात विचारलं, “कितवा?” मी उत्तर दिलं नाही. त्यांनी तेच उत्तर समजलं.

रुग्णाला गर्दी सोसणार नाही म्हणून कंपाउंडरनी सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बसवलं आणि एकेकाला पाच मिनिटं आत सोडायचं ठरवलं. त्यानंतर आमच्या बाहेरच्या खोलीत जे सुरू झालं त्याला विचारपूस म्हणण्याइतकी मी उदार नाही. फळं मला आणलेली होती, ती कापल्याचा वास आला. चहा झाला. सासूबाईंना एवढी माणसं फार दिवसांनी मिळाली होती, त्यांनी थोरल्या जावेच्या पायाची गोष्ट सांगितली. ती कुठे येऊन थांबणार या भीतीनं मला घाम फुटला. कंपाउंडरनी येऊन घाम पाहिला आणि “उतरतोय” असं बाहेर जाहीर केलं. टाळ्या झाल्या. मग कुणीतरी पत्ते काढले. मोठ्या बाईंची नक्कलही झाली. मी भिंतीच्या या बाजूला एक रिकामं छत बघत पडले होते. ज्या दिवशी गप्पा मारायला म्हणून मी आयुष्यातलं पहिलं खोटं बोलले, त्या दिवशी माझ्या घरात गप्पा मारत नसलेली एकटी मीच होते.

साडेबाराला नक्कल एकदम थांबली. दारात मोठ्या बाई होत्या.

आपल्या अकरा टेबलांपैकी आठ रिकामी का, हे पाहायला त्या निघाल्या होत्या. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, वही मागितली, कलम चार वाचलं. बराच वेळ वाचलं. “इथे विभागप्रमुखांना वगळलेलं दिसत नाही,” त्या म्हणाल्या आणि पंख्याखालच्या खुर्चीत बसल्या. पाच मिनिटांनी त्यांनी पानं वाटायला घेतली.

दीड वाजता बेल वाजली आणि मला तो आवाज आला.

“बुटकी इथेच राहते ना? कुठंय ती? अडीच तास आम्ही चहा पितोय तिथे!”

मी ताडकन उठून बसले. कंपाउंडरनी खांद्याला धरून निजवलं. मग सासूबाईंचा आवाज, “अगंबाई, तू होय! अगं, ती...” आणि पुढे काही नाही. सातजणांच्या आणि मोठ्या बाईंच्या देखत त्या तरी काय बोलणार? मग सगळे मिळून भिंगरीला माझा आजार सांगू लागले. कंबर, चक्कर, ताप. एकानं सांगितलेलं दुसऱ्यानं वाढवलं. “पण मला तर काहीच लिहिलं नव्हतं तिनं,” भिंगरी म्हणाली. “स्वभावच आहे त्यांचा. कधी कुणाला सांगायच्या नाहीत,” हेडक्लार्क म्हणाले. पाठोपाठ मास्तरणीनं सगळ्यांना हळू बोलायला सांगितलं.

खरं तर भिंगरीला मी खोट्या रजेबद्दल मुद्दामच कळवलं नव्हतं. तिचं मन दुखेल, माझ्यासाठी काय हे, असं म्हणेल, म्हणून. माझ्या चांगुलपणानं मला जेवढं छळलंय तेवढं कुणी छळलेलं नाही.

“मला आत जाऊ द्या,” भिंगरी म्हणाली.

“नंबरानं,” कंपाउंडर म्हणाले. “तुमच्याआधी चौघं आहेत.”

“अहो, माझी तीन दहाची गाडी आहे!”

“रुग्णाला गाडी कळत नाही, बाई.”

आत येणारा प्रत्येकजण पाच मिनिटं बसे, माझं रेघपेन कुणी घेतलं वगैरे सांगे आणि जाताना पाच मिनिटं दारात उभं राही. मी खुणा केल्या. बाहेर माझी मैत्रीण आहे, तिला पाठवा, असं स्पष्ट म्हटलं. “हो हो, पडून राहा,” असं म्हणून त्यांनी चादर नीट केली. दोन वाजले. सव्वादोन वाजले. भिंतीपलीकडे भिंगरी येरझाऱ्या घालत होती, तिची पावलं मला बाकीच्यांतून वेगळी ओळखू येत होती. मग खालून टॅक्सीचा भोंगा वाजला आणि ती पावलं थांबली.

“माझी टॅक्सी,” भिंगरी म्हणाली. आवाज तिचा नव्हताच.

मग मात्र मी चादर फेकली. कंपाउंडर “सूनबाई!” म्हणून ओरडले तोपर्यंत मी बाहेरच्या खोलीच्या दारात होते. कपाळाला बाम, पायांत मोजे, अंगावर ठेवणीतले कपडे, हातात घड्याळ.

“मी आजारी नाही,” मी म्हटलं. “मला काहीही झालेलं नाही. हिला भेटायला म्हणून मी खोटी रजा काढली. कंबर नाही, चक्कर नाही, ताप नाही. काय करायचं ते करा.”

हेडक्लार्कच्या हातात मोसंब्याची फोड होती, ती तशीच राहिली. त्यांचं डोकं चालताना दिसत होतं. मी आजारी नसेन तर ही विचारपूस नव्हे. विचारपूस नसेल तर कलम चार लागू नाही. कलम चार नसेल तर साडेअकरापासून सात माणसं आणि साडेबारापासून एक विभागप्रमुख कामावरून पळून पत्ते खेळत होती.

“भ्रम!” हेडक्लार्क म्हणाले.

“भ्रमच!” सगळे म्हणाले. “धरा, धरा त्यांना!”

“अहो, मी ठणठणीत आहे!”

“बघा, बघा कशा बोलतायत!” कंपाउंडर मागून आले. “तापात असंच होतं. मी सकाळीच म्हटलं होतं.”

चौघांनी मला धरून खुर्चीत बसवलं. मी जसजशी शुद्धीवर असल्याचं सांगत गेले तसतसे ते “हो हो” करत गेले. मी मोठ्या बाईंकडे पाहिलं. त्या हातातली पानं पालथी ठेवून माझ्याकडे बघत होत्या. नुसत्या कपड्यांवरूनच त्यांना सगळं कळलं होतं, याबद्दल मला अजून शंका नाही.

“यांना तपासायला न्यायला हवं,” त्या शांतपणे म्हणाल्या. “खाली टॅक्सी कुणाची आहे?”

“माझी,” भिंगरी म्हणाली.

“स्टेशनाच्या वाटेवर दवाखाना लागतो. न्याल?” आणि हेडक्लार्कना म्हणाल्या, “लिहा. रुग्णास पुढील उपचारासाठी हलवले. वेळ दोन तेवीस. खाली सगळ्यांच्या सह्या घ्या.”

मला वाटलं, सुटले! टॅक्सीत मागे मी मध्ये, एकीकडे भिंगरी, एकीकडे मास्तरीण. पुढे मात्र, मला अडवता आलं नाही, कंपाउंडर. रुग्णाला एकटं सोडणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पण मला त्याचंही काही वाटलं नाही. गाडीला सत्तेचाळीस मिनिटं होती हातात. सात वर्षं सत्तेचाळीस मिनिटांत कशी बसवायची, एवढाच प्रश्न होता.

“ऐक,” मी म्हटलं, “तिकडे घर कसं आहे? तू...”

भिंगरीनं माझा हात घट्ट धरला होता. ती हलत नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा ती एका जागी बसली होती.

“बुटके,” ती म्हणाली, “खरं सांग. किती दिवस झाले?”

“कशाला?”

“हे सगळं. कळल्याला.”

“अगं, काही नाहीये! मी खोटं...”

“माझ्यासाठी उठलीस. तशा अवस्थेत,” ती म्हणाली आणि रडायला लागली. “वर मी वाईट वाटून घेऊ नये म्हणून असं बोलतेस.”

“मास्तरीण, सांग हिला!” मी म्हटलं.

“सेक्रेटरीनं खोटी रजा काढली असेल असं मला नाही वाटत,” मास्तरीण म्हणाली. शाळेत माझं नाव फळ्यावर लिहिणारी हीच ती बाई. नको तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवायला तिला हाच मुहूर्त मिळाला.

“जास्त बोलू देऊ नका,” पुढून कंपाउंडर म्हणाले.

वाटेवरचा दवाखाना दुपारचा बंद निघाला, टॅक्सी तशीच स्टेशनात गेली. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस मिनिटं मी माझी तब्येत सांगण्यात घालवली. तिचं तिकडचं घर, नवऱ्याची नोकरी, ती भिते का, तिला जायचंय का, यातलं एक अक्षर विचारता आलं नाही. गाडी सुटताना तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि ओरडली, “लपवू नकोस! मला कळवत जा!” मी फलाटावरून धावत ओरडले, “मी बरी आहे!” धावले म्हणून तरी पटेल असं वाटलं. पण तेवढ्यात कंपाउंडरनी मागून येऊन मला धरलं, आणि तिनं शेवटचं जे पाहिलं ते हे.

ऑफिसचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. वहीत ‘हलवले’ अशी नोंद असल्यामुळे मला दुसऱ्या दिवशी कामावर येता येईना. आणखी तीन दिवस घरी बसावं लागलं, आणि हजर होताना बरी झाल्याचा दाखला आणावा लागला. डॉक्टरनी तपासून विचारलं, “कशातून बऱ्या झालात?” त्यांना काय सांगणार, कपाळ? विचारपूस समिती पुढे फार लोकप्रिय झाली.

पण भिंगरी. जिनं सात वर्षांत तीन पत्रं लिहिली होती, ती दर महिन्याला लिहायला लागली. ‘तब्येत कशी आहे? खरं लिही.’ मी खरं लिहायची, ठणठणीत आहे. तिचं उत्तर यायचं, ‘तुझं धैर्य बघून लाज वाटते मला.’ पुढे मास्तरणीला मी सगळं पटवलं. तिनं स्वतः भिंगरीला चार पानी पत्र लिहिलं. त्यावर भिंगरीनं तिला कळवलं, ‘तिनं तुलाही गप्प बसवलं तर.’ मग मीही त्रासून तब्येतीच्या दोन ओळी लिहून झाल्या की इकडचं तिकडचं लिहायला लागले. तीही लिहायला लागली. तिचं घर, तिथला बर्फ, मुलीचं पहिलं दप्तर, नवरा गेला तो दिवस, सगळं मला त्या पत्रांतून कळलं. माझंही तिला. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच, ‘लपवू नकोस.’ एक्केचाळीस वर्षं मी एका बाईला मी बरी आहे हे पटवत्येय. माणसानं किती वेळा सांगावं!

गेल्या हिवाळ्यात मला खरोखर हृदयाचा झटका आला. पंधरा दिवस दवाखान्यात होते. घरी आल्यावर भिंगरीला कळवायचं की नाही यावर मी आणि सून दोन दिवस डोकं खाजवत होतो. ती तिकडे एकटी, सत्तरी ओलांडलेली. शेवटी सुनेकडून कागद घेतला, उशीला टेकून बसले आणि लिहिलं, ‘मी अगदी ठणठणीत आहे.’ हात कापत होता, पण अक्षरं सरळ आली. रेघा मारण्यात आयुष्य गेलंय.

तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं.

‘बुटके, या वेळी पहिल्यांदाच तुझं म्हणणं खरं वाटलं. अक्षरावरून कळलं गं. इतक्या वर्षांनी का होईना, बरी झालीस एकदाची. आता मला घोर नाही.’